म्युझिक कॉलेजच्या पोरांचं नाटक कसं बघावं

पुण्याहून बदली होऊन आलेलं एक जोडपं आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. परवा जिन्यात बाई म्हणाल्या, "काकू, बडोदं छान आहे हो, पण नाटक काही बघायला मिळत नाही." मी म्हटलं, "कोण म्हणतं? मागच्या आठवड्यात मी दोन बघितली. तीही फुकट." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग चहाला बोलावून सगळं सांगितलं. तेच इथे लिहितेय, म्हणजे प्रत्येक नव्या भाडेकरूला वेगळं सांगायला नको.

मराठी व्यावसायिक नाटकं इथे येत नाहीत असं नाही. महात्मा गांधी नगरगृहात येतात, अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात येतात. पण त्यांची वाट बघत बसलं तर वर्ष निघून जातं. मी सांगतेय ते विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या नाटकांबद्दल. एकतीस वर्षं बँकेत कॅशच्या काउंटरवर काढली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न होता. जाऊबाई भजनीमंडळात गेल्या, मी म्युझिक कॉलेजला जायला लागले. आता अकरावं वर्ष.

आधी जागा समजून घ्या, कारण नवीन माणूस पहिल्यांदा चुकतो तो तिथेच. पाटीवर ‘फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ असं नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगाल तर तो तुम्हाला भलतीकडेच सोडेल. ‘म्युझिक कॉलेज, सूरसागर’ म्हणा. सूरसागर तलावात शंकराची ती उंच मूर्ती आहे ना, तिच्या समोरच. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गवई मौलाबक्षांना हाताशी धरून गायनशाळा काढली, तिचंच हे पुढचं रूप. विद्यापीठ झालं 1949 मध्ये, म्हणजे शाळा विद्यापीठापेक्षा त्रेसष्ट वर्षांनी थोरली. गाणं, तबला, नृत्य आणि नाट्य असं सगळं तिथे शिकवतात. संध्याकाळी फाटकातून आत शिरलं की एका खिडकीतून तानपुरा, दुसरीतून घुंगरू आणि व्हरांड्यात कुणीतरी खांबाला उद्देशून भांडत असतं. तो खांबाशी भांडणारा नाट्यविभागाचा.

दुसरी जागा म्हणजे प्रतापगंजच्या बाजूला, विद्यापीठाच्या मोठ्या आवारातलं सी. सी. मेहता ऑडिटोरियम. नाव चंद्रवदन चिमणलाल मेहतांचं. जन्म सुरतचा, 1901 चा. गुजराती नाटककार, आकाशवाणीत होते आणि नंतर बडोद्यात नाट्यशिक्षणात रमले. गुजरात्यांचे ‘चं. ची.’ ते हेच. दोन्ही जागा ‘विद्यापीठाच्या’ असल्यामुळे बोर्डावर नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ वाचून निघू नका. मी एकदा ह्यांना घेऊन सूरसागरला पोचले आणि नाटक होतं प्रतापगंजला. पुन्हा रिक्षा केली, लकडी पुलापाशी वाहतूक तुंबलेली. पोचलो तेव्हा दरवाजा बंद झाला होता आणि बाहेरच्या पोराने ओठावर बोट ठेवून आम्हाला पायरीवर बसवलं. ह्यांना ती पायरी अजून आठवते.

आता नाटक कधी असतं ते. वर्षभराचं छापील वेळापत्रक हातात पडेल अशी आशा ठेवू नका. माझ्या अनुभवात नाटकं झुंडीने येतात, सत्र संपत आलं की. दिवाळीच्या आधीचे काही आठवडे, आणि मग फेब्रुवारी ते एप्रिल. कारण सरळ आहे. ही नाटकं मुलांच्या अभ्यासाचा भाग असतात. कुणाची अभिनयाची परीक्षा असते, कुणाची दिग्दर्शनाची. 27 मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो, त्याच्या आसपास काहीतरी सापडतंच. आपल्या मराठी रंगभूमी दिनाला, म्हणजे 5 नोव्हेंबरला, मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तो बहुतेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि पोरं आपापल्या गावी फटाके उडवत असतात. नवरात्रातले नऊ दिवस तर सोडूनच द्या. बडोद्यात त्या दिवसांत नाटक लावणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतील. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर. महाशिवरात्रीला सूरसागरच्या बाजूला स्कूटर घेऊन जाऊच नका, शिवजीकी सवारी निघते, अर्धा मैल आधी अडकाल.

बातमी कशी काढायची? फाटकावर कापडी बॅनर लागतो, पण तो दोन दिवस आधी. विद्यार्थी आपापल्या मोबाईलवरून चित्रं टाकत असतात, ती तुमच्या नातवंडांना दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत. मी एक साधी युक्ती करते. एखाद्या नाटकानंतर ज्या मुलाने दारात पत्रकं वाटली असतील त्याला माझा नंबर देते आणि सांगते, "बेटा, पुढचं नाटक असलं की मला कळव, मी चार माणसं घेऊन येईन." ‘चार माणसं’ हा मंत्र आहे. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करायची धास्ती ह्या पोरांना परीक्षेपेक्षा जास्त असते. तो मुलगा पास होऊन जातो तेव्हा नंबर खालच्या वर्गातल्या कुणाला तरी देऊन जातो. असं अकरा वर्षं चाललंय. माझ्या फोनमध्ये सहा जण ‘नाटकवाला’ नावाने आहेत.

तिकीट बहुतेकदा नसतं. कधी प्रवेशिका असते, ती आधी जाऊन घ्यावी लागते, कधी पन्नास-शंभराचं तिकीट. सुट्टे पैसे न्या. बँकेतल्या सवयीने सांगत नाही. दारात टेबल टाकून बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे पाचशेचे सुट्टे कधीही नसतात आणि तुमच्यामागे रांग लागते. दारात डबा ठेवलेला दिसला तर त्यात काहीतरी टाका. पडदे, रंग, भाड्याचे दिवे ह्यांचा खर्च पुष्कळदा पोरं वर्गणी काढून भागवतात.

दोन दिवस प्रयोग असेल तर दुसऱ्या दिवशी जावं, असं माझं ठाम मत आहे. जाऊबाईंचं उलट आहे. त्या म्हणतात पहिल्या दिवशी धडधड असते, तीच खरी मजा. असेल. पण पहिल्या दिवशी प्रेक्षागृहात हॉस्टेलची फौज असते. मित्र स्टेजवर आला की शिट्टी, मैत्रिणीने पहिलं वाक्य म्हटलं की टाळ्या. परीक्षक वही घेऊन बसलेले असतात, त्यामुळे स्टेजवरचा प्रत्येक जण प्रेक्षकांशी न बोलता त्या वहीशी बोलतो. दुसऱ्या दिवशी गर्दी निम्मी, भीती निम्मी, आणि काल कुठे हशा आला ते पोरांना कळलेलं असतं. एकच धोका आहे. काल जिथे हशा आला तिथे आज ती थांबून वाट बघतात.

वेळ साडेसातची असेल तर सातला पोचा. नाटक साडेसातला सुरू होणार नाही, ते मलाही माहीत आहे. पण चांगली खुर्ची सव्वासातला जाते. खुर्चीबद्दल थोडं खोलात सांगते, कारण ह्यात माझी बरीच वर्षं फुकट गेली आहेत.

पहिली रांग नको. लहान प्रेक्षागृहात नटाची थुंकी, स्टेजवरची धूळ आणि चुकून तुमच्याकडे वळलेला स्पॉट, हे तिन्ही पहिल्या रांगेच्या वाट्याला येतं. एका नाटकात ऐंशी वर्षांच्या बापाने मुलाला मिठी मारली. बाप वीस वर्षांचा, केसांत पाव डबा टाल्कम पावडर. मिठी मारताच असा ढग उठला की पुढच्या रांगेतले सगळे शिंकले. प्रसंग करुण होता. चौथी-पाचवी रांग उत्तम, शक्यतो मधोमध. अगदी कडेला बसू नका. शिकणारी मुलं नेपथ्य लावतात ते स्वतः मधल्या खुर्चीवर बसून, त्यामुळे कडेच्या माणसाला नाटकाऐवजी कपाटाची पाठ दिसते. परीक्षक कुठे बसलेत ते बघून त्यांच्या मागची रांग टाळा. लिहिताना त्यांच्या टॉर्चचा उजेड डोळ्यांत येतो आणि आपणही नकळत ते किती लिहितात तेच बघत बसतो.

आणि एक चोरजागा सांगते. सगळ्यात मागे, प्रकाशाचं टेबल असतं त्याच्या शेजारी. नाटक पहिल्यांदा बघत असाल तर तिथे बसू नका, कुजबुज ऐकून वैताग येईल. पण तेच नाटक दुसऱ्यांदा बघत असाल तर तिच्यासारखी जागा नाही. "अगिआर… हजी नहीं… हवे जा. जा ने यार!" म्हणजे अकरा, अजून नाही, आता जा. आणि त्या ‘जा’बरोबर स्टेजवर पहाट होते. पहाट करणारा मुलगा घामाने भिजलेला असतो आणि त्याने पायात चपला घातलेल्या नसतात. बटणं अंधारात पायाने शोधतो की काय, मला अजून कळलेलं नाही.

मोबाईल. हे मी स्वतःची फजिती सांगूनच सांगते. माझा फोन ‘सायलेंट’वर होता. नवऱ्याच्या खुनाची कबुली देणारी बाई स्टेजवर गप्प उभी होती, अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून होतं, आणि माझ्या पर्समधून कोंबडा आरवला. बीपीच्या गोळीचा गजर, रात्री आठचा, नातवाने लावून दिलेला. पुष्कळ फोनमध्ये सायलेंट केलं तरी गजर वाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. पर्सच्या तीन कप्प्यांत शोधेपर्यंत तो नऊ वेळा आरवला. ती मुलगी हलली नाही. डोळ्याची पापणीही नाही. कोंबडा थांबल्यावर तिने आणखी दोन सेकंद घेतले आणि मग कबुली दिली. मी नंतर माफी मागायला गेले तर म्हणाली, "आंटी, मला वाटलं डायरेक्टरने नवीन साउंड टाकला." तेव्हा फोन सायलेंट करू नका, पूर्ण बंद करा. गोळी आधी घ्या.

आता भाषा. पुण्याच्या बाईंचा खरा प्रश्न तोच होता: "पण ते गुजरातीत असतं ना?" असतं. हिंदीतही असतं, क्वचित इंग्रजीत, आणि कधीकधी मराठी नाटक गुजराती कपडे घालून समोर येतं. गुजराती ऐकायला आपल्याला जड नाही. भिंतीला ते भींतच म्हणतात, वाट बघण्याला वाट जोवी. फसवणारे शब्द थोडेच, पण नेमके मोक्याच्या ठिकाणी येतात. ‘ओरडो’ म्हणजे खोली. आमच्याकडे आलेली एक पाहुणी अर्धं नाटक समजत होती की ह्या घरात सारखं कुणीतरी ओरडतंय आणि कुणालाच ऐकू कसं येत नाही. ‘खाली’ म्हणजे रिकामं. दारातला मुलगा "पाछळ जगा खाली छे" म्हणाला तर जिना शोधू नका, मागे खुर्च्या मोकळ्या आहेत. पहिली दहा मिनिटं शब्दांच्या मागे धावू नका, कोण कुणावर रागावलंय तेवढं बघा. विसाव्या मिनिटाला कान आपोआप लागतो.

त्यात भवाईचा प्रयोग लागला असेल तर हातातलं काम टाकून जा. भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य. चौदाव्या शतकातल्या असाईत ठाकरांकडे त्याचं मूळ सांगतात आणि त्यांनी तीनशे साठ वेश रचले असं मानतात. वेश म्हणजे आपण ज्याला सोंग किंवा वग म्हणू तसा एकेक खेळ. तमाशा बघितलेल्या माणसाला भवाई परकी वाटत नाही. आपल्याकडे आधी गण, त्यांच्याकडे आधी गणपतीचा वेश. तोंडासमोर थाळी धरून गणपती नाचत येतो. नायक असतो, आपल्या सोंगाड्याच्या जातकुळीचा रंगलो असतो, आणि भुंगळ असतात. भुंगळ म्हणजे तांब्याचं लांबच लांब तोंडाने फुंकायचं वाद्य. बंद खोलीत ते वाजलं की छातीत कळ आल्यासारखं होतं, म्हणून हृदयाच्या पेशंटांनी जरा मागे बसावं. ‘ता थैया थैया ता थै’ सुरू झालं की पाय हलतात, हलू द्यावेत. भवाईत प्रेक्षकाने गप्प बसायचं नसतं. रंगलो तुमच्याशी बोलला तर उत्तर द्या. मराठीत दिलं तरी चालतं. मी एकदा दिलं, आणि तो मुलगा पुढची पाच मिनिटं ‘आ मराठी मासी’ म्हणून मला धरून बसला.

बाकीच्या नाटकांत टाळीची घाई करू नका. अंधार झाला म्हणजे प्रवेश संपला असं नसतं. कधीकधी नुसता दिवा लावायला उशीर झालेला असतो. मनात तीन आकडे मोजा.

बघायचं काय? व्यावसायिक नाटकात आपण गोष्ट बघतो, प्रसिद्ध नट बघतो. इथे प्रसिद्ध कुणीच नाही आणि गोष्ट पुष्कळदा आपल्याला माहीत असते. इथे मी पोरांनी काय जुळवलंय ते बघते. एक निळा दरवाजा आहे, तो मी चार नाटकांत बघितलाय. एकदा तो जमीनदाराच्या हवेलीचा होता, एकदा तुरुंगाचा, एकदा आगगाडीच्या डब्याचा, आणि एका नाटकात आडवा ठेवून त्यावर प्रेत ठेवलं होतं. त्याच त्या लाकडी लेव्हल्स, म्हणजे स्टेजवर उंची करायला ठेवतात ते चौथरे, वरचा रंग तेवढा बदलतो. दोन लेव्हल्स आणि एक दरवाजा ह्यात कोण काय उभं करतो, हे एकदा बघायला लागलात की घरी परत जाताना बोलायला खूप असतं. दुसरं बघायचं ते न बोलणाऱ्या पात्रांकडे. मुख्य पात्र वाक्य फेकत असतं तेव्हा मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला नोकर काय करतोय? तो नुसता उभा असेल तर ते नाटक तालमीतच थकलेलं असतं. पण तो ऐकत असेल तर, तो पोरगा पुढे कुठेतरी पोचेल असं समजा.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले, तो भाग. तुम्ही तीन-चार नाटकं बघितलीत आणि पोरं तुम्हाला ओळखायला लागली की ती एक दिवस घरी येतात. वस्तू मागायला. रावपुरा, दांडियाबाजार इकडच्या आम्हा मराठी लोकांची जुनी घरं म्हणजे त्यांना कपडेपट आणि प्रॉपर्टीचं कोठार वाटतं. पत्र्याची ट्रंक, कंदील, पितळी डबा, लंबकाचं घड्याळ, आजोबांची काठी. द्यायचं की नाही हे आपल्या मनावर. मी देते, पण कॅशियरच्या पद्धतीने. एक वही आहे. तारीख, वस्तू, नग, नेणाऱ्याची सही, परत केल्याची सही. काच, चांदी आणि देवघरातलं काही द्यायचं नाही. ट्रंक रिकामी करून द्यायची. एकदा ह्यांची पेन्शनची कागदपत्रं सूरसागरला जाऊन नाटकात काम करून आली. जी वस्तू मोडली तर रात्री झोप लागणार नाही, तिला घरीच ठेवा आणि पोरांना सरळ नाही म्हणा. त्यांना नाही ऐकायची सवय असते.

मागच्या फेब्रुवारीत एक मुलगी नऊवारी मागायला आली. कच्छकडची, उंच, हडकुळी, बोलायला घाबरणारी. शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्यातल्या एका विधवेचं काम करायचं होतं तिला. आईचं एक जुनं तपकिरी सुती लुगडं होतं माझ्याकडे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ती म्हणाली, "फक्त द्या, मी व्हिडिओ बघून नेसेन." मी म्हटलं, "बस खाली."

नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. पाचवारीसारखा परकर आत नसतो, सगळा भरवसा कमरेच्या गाठीवर. ती गाठ पुढून, दोन टोकं ओढून, श्वास आत घेऊन बांधायची. मग निऱ्या, मग मधला भाग पायांतून मागे नेऊन कासोटा. स्टेजसाठी कासोट्याला आतून एक मोठी सेफ्टी पिन, बाहेरून दिसू नये अशी. हे सगळं झालं तरी नेसणं पुरं झालं नाही. मी तिला जमिनीवर बसवलं आणि म्हटलं, ऊठ. हात न टेकता. उठली, आणि कासोटा सुटला. पुन्हा नेसवलं. जिन्याने पळत वर जा म्हटलं, सहाव्या पायरीवर निऱ्या पायात. तिसऱ्या वेळी मी गाठ स्वतः आवळली, ती कळवळली, पण लुगडं जिना चढून उतरून आलं. नऊवारी नेसून चालताना पाऊल जरा फाकवून टाकावं लागतं, पाचवारीतल्यासारखं चोरून नाही. तेवढं सांगितलं. चहा केला. ती गप्प बसून बघत होती. नंतर दहा दिवस सराव केला असं कळलं, हॉस्टेलच्या गच्चीवर.

प्रयोगाला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, पाचवी रांग. तो निळा दरवाजा ह्या वेळी माजघराचा होता. नाटकात एका जागी सासरा तिला केस काढायला बसायला सांगतो, आणि ती नाही म्हणते. वाक्य साधं होतं, दोन शब्दांचं. पण ते म्हणायच्या आधी तिने डाव्या हाताने पदराचं टोक मागून पुढे ओढलं, कमरेशी उजव्या बाजूला खोचलं आणि अंगठ्याने दोनदा आत दाबलं. मी चहा करायला उठते तेव्हा असं करते. दोनदा दाबते, कारण एकदा दाबलेला माझा पदर नेहमी सुटतो. मी नेसते पाचवारी, पण खोचण्याची सवय आईकडून आलेली. मी तिला हे शिकवलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. म्हणजे त्यांनीही कधीतरी बघितलं होतं तर.

नाटक संपल्यावरचं सांगायचं राहिलं. पडदा पडला की लगेच पळू नका, आणि मेकअपच्या खोलीतही घुसू नका. आत रडारड चाललेली असते, कुणी कुणाला मिठ्या मारत असतं, कुणाचा तरी बाप राजकोटहून पेढे घेऊन आलेला असतो. बाहेर झाडाखाली वीस मिनिटं थांबा. पोरं चेहऱ्यावर अर्धवट रंग घेऊन एकेक करून येतात. तेव्हा ‘छान झालं हं’ म्हणू नका. ते त्यांना प्रत्येक जण म्हणतो आणि कुणी नाटक बघितलंय की झोपलं होतं ते त्यातून कळत नाही. एक नेमकी गोष्ट सांगा. "तू तांब्या खाली ठेवलास तेव्हा आवाज होऊ दिला नाहीस, का?" एवढं विचारलं की तो पोरगा अर्धा तास बोलतो. चुका त्या रात्री सांगायच्या नाहीत. त्यांना त्या आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, आणि अजून त्यांना रात्री एक वाजेपर्यंत नेपथ्य उतरवायचं असतं. दिग्दर्शकाला नाटकाचा अर्थ समजावून सांगणारे एक निवृत्त गृहस्थ नेहमी येतात, त्यांना टाळण्यासाठी पोरं मागच्या दाराने जातात. तसं आपलं होऊ नये.

खायला काही न्यायचं असेल तर लीलो चेवडो न्या, बडोद्याचाच, ओला, बटाट्याचा. तुपकट मिठाई नको, हाताला रंग असतो. आणि तो नाटक संपल्यावर द्या. एकदा मी आधी दिला होता. दुसऱ्या अंकात राजाच्या दातात मनुका होती. परतताना सेव-उसळ खायची की नाही हे ज्याने त्याने आपल्या पित्ताला विचारावं. हे खातात, मी नुसती बघते, आणि त्या टेबलावर आमचं नाटक पुन्हा एकदा होतं.

लुगडं आठवड्याने परत आलं, धुऊन, इस्त्री करून. वहीत सही केली तिने. आत कासोट्याची पिन तशीच राहिली होती, ती मी काढली नाही.

काल सहाव्या ‘नाटकवाल्या’चा निरोप आला आहे. पाटा-वरवंटा हवाय, पंधरा दिवसांसाठी, खरा, दगडी. थर्माकोलचा नको म्हणतात त्यांचे सर. द्यायला हरकत नाही. नग दोन, तारीख टाकून वहीत पान तयार आहे. फक्त तिसऱ्या मजल्यावरून तो त्यांनी उतरवायचा आणि त्यांनीच परत चढवायचा. आणि पुण्याच्या बाई येणार आहेत ह्या वेळी, नवऱ्याला घेऊन. म्हणजे माझी चार माणसं झाली.